मी हरले होते, तो निकाल मला परत द्या

प्रति,
संयोजक मंडळ,
आपली टेनिस सिम्युलेशन लीग

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी रात्री मी उपांत्य सामना हरले. रविवारी सकाळी उठून बघते तर जिंकलेली होते. मधल्या वेळात मी झोपले होते, माझे प्रतिस्पर्धीही झोपले होते, आणि आमचे दोन्ही खेळाडू तर कधी जागे नसतातच. जागं होतं ते फक्त तुमचं मंडळ.

याबद्दल मी तुम्हाला खासगीत दोनदा लिहिलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं: "निकाल तुमच्याच बाजूने लागला आहे, मग तक्रार कसली?" दुसऱ्याला उत्तरच आलं नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. लीगमधल्या इतरांनी ते वाचावं, आणि जे लीगमध्ये नाहीत त्यांनीही वाचावं. त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते.

आमच्या लीगमध्ये कुणी रॅकेट धरत नाही. कीबोर्डवर बोटं आपटून चेंडू मारायचा असाही हा खेळ नाही. प्रत्येकाकडे एक कल्पित खेळाडू असतो. त्याची सर्व्हिस, परतीचा फटका, फोरहँड, बॅकहँड, पायांची चपळाई, दम, दडपणाखालचं डोकं, सगळं आकड्यांत. दर आठवड्याला सरावाचे थोडे गुण मिळतात, ते कुठे घालायचे हे आपण ठरवायचं. सामन्याआधी डावपेच भरायचे: नेटवर किती वेळा जायचं, दुसऱ्या सर्व्हिसला किती धोका पत्करायचा, ब्रेकपॉइंटला, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याचा गेम हातचा जायची वेळ येते तेव्हा, काय करायचं. मुदत संपली की संयोजक इंजिन चालवतात आणि निकालफलकावर एकेक सेट येऊ लागतो.

इंजिन आतमध्ये काय करतं तेही सांगायला हवं, कारण सगळा वाद तिथेच आहे. प्रत्येक गुणाला ते दोघांचे आकडे, कोर्टचा पृष्ठभाग, उरलेला दम आणि डावपेच जमेस धरून एक शक्यता काढतं. समजा सर्व्हिस करणाऱ्याने गुण जिंकण्याची शक्यता ०.६२ आली. मग ० ते १ मधला एक यादृच्छिक (रँडम) आकडा उचलला जातो. तो ०.६२ च्या खाली आला तर गुण सर्व्हिस करणाऱ्याचा, वर गेला तर समोरच्याचा. असं सुमारे दोनशे वेळा झालं की सामना झाला. हे यादृच्छिक आकडे आभाळातून पडत नाहीत. ते एका सुरुवातीच्या संख्येपासून सूत्राने तयार होतात, आणि त्या संख्येला सीड म्हणतात. (टेनिसवाल्यांना सीड म्हटलं की मानांकन आठवतं. आमच्या लीगमध्ये दोन्ही सीड आहेत. मानांकनाचं सगळ्यांना दिसतं, इंजिनचं कुणालाच नाही.) तेच सीड, तेच डावपेच आणि तेच इंजिन दिलं तर सामना दहा वेळा चालवा, शेवटच्या दुहेरी चुकीपर्यंत तोच येणार.

१९५८ साली विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस खेळवलं होतं. त्यात निदान एक हलणारा ठिपका होता. आमच्याकडे तोही नाही. आमच्याकडे फक्त निकाल येतो.

आणि तरीही आम्ही त्याची वाट बघतो. हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. नऊ वाजता मुदत संपते, सव्वानऊला पहिला सेट. ज्यांचे खेळाडू दुसऱ्याच फेरीत गळाले तेही बसलेले असतात. कुणी अंदाज बांधतं, कुणी गेल्या हंगामाचे आकडे काढतं. एखाद्याने "टायब्रेक होणार" (म्हणजे ६-६ अशी बरोबरी होऊन निर्णायक गेमवर सेट जाणार) म्हटलं आणि खरंच ७-६ आलं की त्याला आठवडाभर ज्योतिषी म्हणतात. खरं तर नऊ वाजून एका सेकंदाच्या आत अख्खा सामना होऊन गेलेला असतो आणि तुम्ही तो आम्हाला पुरवून पुरवून दाखवता. हे आम्हाला माहीत असतं. तरी दुसऱ्या सेटची वाट बघताना घसा कोरडा पडतो. कारण सामना झालेला आहे, तो आता कुणाच्या हातात नाही, एवढी खात्री आम्हाला असते. होती.

माझा खेळाडू लीगच्या वयाने ३१ वर्षांचा आहे. तिशीनंतर दर हंगामाला त्याचा दम आणि चपळाई उतरते. सहा हंगामांत तो कधी उपांत्य फेरीत पोचला नव्हता. मी दोन हंगामांचे सरावगुण एकट्या बॅकहँडवर घातले, तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. पुढच्या हंगामात त्याच्याकडून काही होईल असं मला वाटत नाही. हे मुद्दाम सांगते आहे. मला अंतिम फेरी नको होती असा साधूपणा मी मिरवत नाही. मला ती हवीच होती.

शनिवारी पहिला सेट ६-४ असा आला, माझ्या बाजूने. दुसरा ४-६. तिसऱ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, निदान मला तसं वाटलं, आणि मग ६-७ आला, टायब्रेक ५-७. हरले. पाच मिनिटं काही सुचलं नाही. मग प्रतिस्पर्ध्यांना लिहिलं: "छान खेळलात, टायब्रेकला तुमचा डाव माझ्यापेक्षा धीट होता. अंतिम सामन्यासाठी शुभेच्छा." त्यांनी आभार मानले आणि माझ्या बॅकहँडचं कौतुक केलं.

सकाळी निकालफलकावर तोच सामना ७-५, ६-३ असा होता. विजेता माझा खेळाडू. खाली तुमची टीप: "तांत्रिक त्रुटीमुळे एक उपांत्य सामना पुन्हा चालवण्यात आला. निकाल अंतिम." थोड्या वेळाने प्रतिस्पर्ध्यांचा निरोप आला. त्यांनी माझंच आदल्या रात्रीचं वाक्य शब्द न बदलता मला परत पाठवलं होतं. त्यात टोमणा होता की मोठेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तक्रारी.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात जड. पहिल्या खासगी पत्राच्या उत्तरात तुम्ही लिहिलंत की माझ्या खेळाडूचा दम तिसऱ्या सेटमध्ये हवा त्यापेक्षा वेगाने घटत होता. ती इंजिनमधली चूक होती, ती दुरुस्त केली, आणि सामना पुन्हा चालवला. ठीक. ही चूक किरकोळ नाही हे मला मान्य आहे. हिशोब करून बघा: सर्व्हिसवर शंभरातले ६५ गुण जिंकणारा खेळाडू आपल्या सर्व्हिसचे सुमारे ८३ टक्के गेम राखतो. दम घटला आणि ६५ चे ६० झाले, तर तेच प्रमाण सुमारे ७४ वर येतं. गुणांत पाचाचा फरक पडला की गेममध्ये नऊचा पडतो. तेव्हा दमाची चूक सामना फिरवू शकते, यावर माझा वाद नाही.

पण त्याच रात्री, त्याच इंजिनवर दुसरा उपांत्य सामनाही झाला. तोही तीन सेटचा होता. तो पुन्हा चालवला नाहीत. का? चूक इंजिनमध्ये असेल तर ती दोन्ही सामन्यांत होती. उपांत्यपूर्व फेरीत होती. कदाचित हंगामभर होती, आणि तिसऱ्या सेटमध्ये हरलेले सगळेच आज तुमच्या दारात उभे राहू शकतात. आणि चूक फक्त माझ्याच खेळाडूच्या नोंदीत होती असं म्हणायचं असेल, तर तसं लिहा आणि ती नोंद दाखवा. चूक सगळ्यांची आणि दुरुस्ती एकाची, याला मी दुरुस्ती म्हणू शकत नाही, जरी तो एक मी असले तरी.

दुसरी तक्रार वेळेची आहे. तुम्हाला ही चूक केव्हा सापडली? सामन्याआधी सापडली असती तर सामना थांबवता आला असता. ती सापडली निकाल लागल्यानंतर, रात्री, आणि तीही नेमक्या त्या सामन्यात जिथे वरच्या मानांकनाचा खेळाडू हरला होता. हो, वरचं मानांकन माझं होतं. तुमच्या हेतूवर मी शंका घेत नाही. मंडळातले लोक फुकट राबतात, रात्री जागतात, हे मला माहीत आहे. पण निकाल बघून धक्का बसला म्हणून इंजिन उघडलं, तर त्यात काही ना काही सापडतंच. कुठलंही इंजिन उघडा. अपेक्षित निकाल आला की कुणी ते उघडत नाही, आणि त्या सामन्यांतल्या चुका तशाच राहून जातात. अशा तपासणीचा फायदा नेहमी आधीच वर असलेल्याला होतो.

तिसरी गोष्ट तुमच्या उत्तरातल्या एका वाक्याबद्दल, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. तुम्ही लिहिलंत: "पराभूत खेळाडूने विजेत्यापेक्षा जास्त गुण जिंकले होते, त्यामुळे निकाल संशयास्पद वाटला." आकडे खरे आहेत. माझ्या खेळाडूचे १०४ गुण होते, त्यांच्याचे १०१. पण टेनिस सिम्युलेशन चालवणाऱ्यांनी हे वाक्य लिहावं याचं मला राहून राहून नवल वाटतं.

२०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले आणि जोकोविचने २०४. चषक जोकोविचने नेला: ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. फेडररला स्वतःच्या सर्व्हिसवर दोन चँपियनशिप पॉइंट, म्हणजे जिंकला तर थेट चषकच असे दोन गुण, मिळाले होते. २०१० मध्ये इस्नर आणि माहू तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले. माहूने ५०२ गुण जिंकले, इस्नरने ४७८, आणि पाचवा सेट ७०-६८ असा इस्नरने घेतला. टेनिसमध्ये गुणांची बेरीज कुणी करत नाही. गेम हातचा जातो तेव्हा त्यातले जिंकलेले गुणही वाया जातात, आणि १-६ ने गमावलेला सेट ६-७ ने गमावलेल्या सेटएवढाच मोजला जातो. फेडररला फटका बसला तो याच हिशोबाचा. आपल्या इंजिनने १०४-१०१ असा सामना हरवून दाखवला, तर ते इंजिन खेळ बरोबर शिकलं आहे याची ती खूण होती. तुम्ही तिलाच चुकीचा पुरावा मानलंत.

अजून एक हिशोब. एखादा खेळाडू प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल, म्हणजे तो चांगलाच वरचढ असेल, तर तीन सेटचा सामना तो सुमारे ६५ टक्के वेळा जिंकतो. उरलेल्या ३५ टक्के वेळा हरतो. तीनात एकदा! (उपांत्य सामने पाच सेटचे करा, असा आग्रह काहीजण दर हंगामाला धरतात. त्याने ६५ चे ६८ होतात. मला त्यात फार रस नाही.) वरच्या मानांकनाचं हरणं हा अपघात नाही, तो रोजचा व्यवहार आहे.

चौथी तक्रार: गुणवार नोंद. आम्हाला सेटचा स्कोअर, बिनतोड सर्व्हिस, दुहेरी चुका आणि एकूण गुण एवढंच दिसतं. कोणता गुण कोणत्या क्रमाने गेला, तेव्हा दम किती उरला होता, शक्यता किती होती, कोणता आकडा उचलला गेला, यातलं काहीच नाही. इंजिनला हे सगळं माहीत असतं. दोनशे ओळींची नोंद म्हणजे काही डोंगर नव्हे. ती असती तर दम खरंच हवा त्यापेक्षा वेगाने घटत होता का, हे लीगमधल्या कुणीही अर्ध्या तासात तपासलं असतं, आणि कदाचित तुमचंच म्हणणं खरं ठरलं असतं. हे मी दोनदा लिहिणार आहे: कदाचित तुमचंच म्हणणं खरं असेल. ते मला तपासता येत नाही, एवढंच माझं दुखणं आहे.

पाचवी, सीडची. पुन्हा चालवताना तेच सीड वापरलं की नवं? नवं वापरलं असेल तर तुम्ही चूक सुधारली नाही, नवी नाणेफेक केली. तेच वापरलं असेल तरी गंमत उरतेच. दुरुस्तीमुळे एक गुण जरी उलटला आणि गेम एका गुणाने लांबला, तरी पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात, आणि तिथून पुढे तो वेगळाच सामना असतो. ७-५, ६-३ बघा. पहिल्या सामन्याशी त्याचं काही नातं दिसतं का? दम म्हणे तिसऱ्या सेटमध्ये चुकत होता, आणि बदलला पहिला सेटसुद्धा: ६-४ चा ७-५ झाला. दमाची चूक खरंच तिसऱ्या सेटपुरती असती आणि सीड तेच असतं, तर पहिले दोन सेट जसेच्या तसे यायला हवे होते. हे कसं झालं याचं एका ओळीत का होईना, उत्तर द्या.

याहून मोठा प्रश्न असा की सीड तुमच्याकडे असतं आणि ते सामन्याआधी कुणी बघितलेलं नसतं. त्यामुळे दहा सीड चालवून त्यातलं आवडलं ते ठेवलं, तरी आम्हाला कळणार नाही. तुम्ही तसं केलंत असं मी म्हणत नाही. तसं केलं नाही हे तुम्हालाही सिद्ध करता येत नाही, आणि ही अडचण तुमचीसुद्धा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण निदान मूठ आधी सगळ्यांसमोर धरावी लागते. ती सोय आहे, फुकट आहे आणि जुनी आहे. मुदत संपण्याआधी सीडचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे सूत्राने काढलेला त्याचा ठसा, जाहीर करायचा. ६४ अक्षरांची ती ओळ बघून सीड ओळखता येत नाही. सामना झाला की सीड उघड करायचं. कुणीही त्याचा हॅश काढून आधीच्या ओळीशी ताडून बघेल. मधे सीड बदललं असेल तर ओळ जुळणार नाही. (सीड मात्र लांबलचक घ्या. चार आकडी सीड असेल तर कुणीतरी बसून सगळे दहा हजार हॅश काढेल. आपल्यात असे लोक आहेत.)

सहावी तक्रार छोटी आहे, पण मला सगळ्यात जास्त तीच लागली. पहिला निकाल तुम्ही पुसून टाकलात. आमच्या दोघांच्या आपसातल्या नोंदीत आज माझा एक विजय आहे, त्यांचा शून्य. त्यांनी जिंकलेला टायब्रेक कुठेही नाही. ज्या लोकांनी तो शनिवारी रात्री डोळ्यांनी वाचला, त्यांनी काय स्वप्न बघितलं?

आणि प्रतिस्पर्ध्यांना कुणी विचारलंही नाही. सामना पुन्हा होणार हे माहीत असतं तर त्यांनी कदाचित वेगळे डावपेच भरले असते. मीही भरले असते.

खऱ्या टेनिसमध्ये चुका होत नाहीत असं नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमावलीत चुका कशा सुधाराव्या यासाठी २७ क्रमांकाचा वेगळा नियम आहे. त्याचं मूळ तत्त्व साधं आहे: चूक लक्षात आली तरी आधी खेळले गेलेले गुण कायम राहतात. कोर्टच्या चुकीच्या बाजूने सर्व्हिस होत असेल, तर लक्षात येताच बाजू बदलायची, मागचं तसंच ठेवायचं. चुकीच्या खेळाडूने अख्खा गेम सर्व्हिस करून टाकला आणि नंतर लक्षात आलं, तर तो गेम मोजायचा आणि पुढचा क्रमही बदललेलाच ठेवायचा. अन्यायच आहे तो, एका अर्थी. पण मागे जाऊन खेळ पुन्हा मांडू लागलो तर थांबायचं कुठे, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना पडलेला दिसतो.

यंत्राची चूकही तिथे झालेली आहे. २०२५ च्या विम्बल्डनला लाइन पंचांच्या जागी पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. पाव्हल्युचेन्कोवा आणि कार्तल यांच्या सामन्यात कोर्टच्या एका भागातली ही यंत्रणा चुकून बंद राहिली होती. पाव्हल्युचेन्कोवाचा गेमपॉइंट होता, कार्तलचा चेंडू बाहेर पडला, पण यंत्र गप्प राहिलं. पंचांनी तो गुण पुन्हा खेळायला लावला. गुण, सामना नव्हे. पाव्हल्युचेन्कोवाने तो गेम गमावला, चिडली, आणि नंतर सामना जिंकली. क्लबने चूक कोणाकडून आणि कशी झाली ते जाहीर सांगितलं, माफी मागितली, आणि चालू सामन्यात यंत्रणा हाताने बंद करता येणार नाही अशी व्यवस्था केली. ती एका गुणाची गोष्ट होती, आपण अख्ख्या सामन्याबद्दल बोलतो आहोत.

२०१८ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात अँडरसनने इस्नरला पाचव्या सेटमध्ये २६-२४ असं हरवलं. ६ तास ३६ मिनिटं. मागून दुसरा उपांत्य सामना इतक्या उशिरा सुरू झाला की तो रात्री थांबवून दुसऱ्या दिवशी पुरा करावा लागला. सगळ्यांना कळलं की नियम बदलायला हवा. बदलला: पुढच्या वर्षी, २०१९ ला, पाचव्या सेटमध्ये १२-१२ ला टायब्रेक आला. फेडररचा वर सांगितलेला सामना याच नव्या नियमाने संपला. पण २६-२४ कुणी खोडून १३-१२ केला नाही.

आता मागण्या.

माझ्या उपांत्य सामन्याचा पहिला निकाल परत लावा: ६-४, ४-६, ६-७, विजेते माझे प्रतिस्पर्धी. अंतिम फेरीतली जागा त्यांची. चूक खरोखर होती असं तुम्ही गुणवार नोंदीसह दाखवलंत, तर दोन्ही उपांत्य सामने दुरुस्त इंजिनवर, नव्या डावपेचांसह, आधी जाहीर केलेल्या हॅशने पुन्हा चालवा. त्यालाही माझी तयारी आहे. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

शनिवारच्या तिन्ही सामन्यांची, म्हणजे दोन उपांत्य आणि एक फेरचालवणीचा, गुणवार नोंद आणि सीड खुलं करा. यापुढे प्रत्येक सामन्याचं करा, आणि हॅश मुदतीआधी लावा.

फेरसामना कधी होईल, कोण ठरवेल, किती तासांत ठरवेल आणि दोन्ही खेळाडूंना कसं कळवलं जाईल, हा नियम लिहून काढा आणि पुढच्या हंगामापासून लागू करा. ज्यांचा खेळाडू त्या स्पर्धेत अजून खेळतो आहे अशा मंडळ सदस्याने त्या निर्णयात बसू नये. यात कुणाकडे बोट दाखवायचं नाही. लहान लीगमध्ये संयोजक आणि खेळाडू तेच लोक असणार, ते टाळता येत नाही. म्हणूनच नियम हवा.

पुसलेला निकाल नोंदीत ठेवा. रद्द झाला असेल तर "रद्द" लिहून ठेवा, पण ठेवा.

आणि हे सगळं होईपर्यंत रविवारचा अंतिम सामना पुढे ढकला.

ढकलला नाहीत तर मी काय करावं, यावर आठवडाभर विचार केला. माघार घ्यावी असं आधी वाटलं. पण मी हटले की अंतिम फेरीतल्या दुसऱ्या खेळाडूला पुढे चाल मिळणार. त्यांनी आपला उपांत्य सामना एकदाच खेळून, एकदाच जिंकला आहे. त्यांना न खेळता चषक देणं म्हणजे माझ्या रागाचा भुर्दंड त्यांच्या माथी मारणं. मुद्दाम वाकडे डावपेच भरून हरावं, तर ती आणखी एक फसवणूक, आणि ती मी स्वतः केलेली. खरं सांगायचं तर या दोन विचारांच्या मधे एक तिसराही विचार येऊन गेला: गप्प बसावं, खेळावं, ३१ वर्षांच्या त्या बॅकहँडला एक चषक मिळवून द्यावा. तो विचार बराच वेळ बसून होता.

तर मी डावपेच भरणार आहे, नेहमीसारखे, जिंकण्यासाठी. जिंकले तर चषक माझ्या खेळाडूच्या नावापुढे लावू नका, अशी विनंती आत्ताच करून ठेवते. शनिवारी रात्रीच्या निकालफलकाचं चित्र माझ्याकडे आहे, ६-७ सकट. ते मी प्रतिस्पर्ध्यांनाही पाठवलं आहे.

डावपेचांची मुदत रविवारी रात्री नऊला संपते. त्याआधी उत्तर द्या.

आपली,
उपांत्य फेरीत हरलेली एक खेळाडू